सुरगाठ

पाथरीसारख्या गांवीं बसून बर्फावरील खेळाच्या साधनांविषयीं कोणी लिहावयास घेतलें, तर वाचकांस तें थोडेसें चमत्कारिक वाटेल. आमचें गांव गोदावरीच्या खोऱ्यांत, परभणी जिल्ह्यांत. काळी जमीन, कापूस, ऊंस, ज्वारी आणि जायकवाडीच्या कालव्याचें पाणी ही येथील संपत्ति. वैशाखांत पारा चाळिशीच्या बराच वर चढतो, आणि बर्फ म्हणून जें कांहीं आम्हांस ठाऊक, तें रसवंतीवाल्यानें गोणपाटाखालीं झांकून ठेवलेल्या लादीच्या रूपानें! परंतु हल्लीं मराठी घरांतील मुलें जेथें जातात, तेथील काळज्याही त्यांच्या घरीं येऊन पोहोंचतात. मुलगा म्यूनिकला असला, तरी आईचें काळीज पाथरींतच असतें. तेव्हां बर्फावर त्याचा पाय कशांत अडकविलेला असतो, हा प्रश्न आमच्या ओसरीवर निघाला, यांत नवल तें कोणतें?

आमचा पुतण्या पुण्यास यंत्रविद्येचें शिक्षण पुरें करून जर्मनींत गेला. त्यापूर्वीच एका हिवाळ्यांत गुलमर्ग येथील केंद्र सरकारच्या संस्थेंत त्यानें स्की खेळण्याचे पहिले धडे घेतले होते. म्यूनिकहून आल्प्स पर्वत जवळ. त्यामुळें शनिवार आला कीं स्वारी डोंगरावर. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यानें कळविलें कीं, आपण स्कीची नवी जोडी घेतली असून आतां तिच्यावर बाइंडिंग बसवावयाचें आहे. बाइंडिंग म्हटलें कीं आमच्या घरांत फार तर मासिकांच्या जुन्या अंकांची बांधणी आठवते. स्कीवरील बाइंडिंग म्हणजे बूट फळीस पकडून ठेवणारी यांत्रिक पकड, असें सांगितल्यावर आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "अरे, पाय बांधून घेऊन कुणी डोंगर उतरतं का?"

मातोश्रींचा प्रश्न साधा नव्हता. त्याच महिन्यांत पुतण्याबरोबर खेळणाऱ्या एका मुलाचा गुडघा जायबंदी झाला होता, आणि ती बातमी वहिनींच्या कानीं आली होती. त्यांनीं मुलाला जाऊं नको असें म्हटलें नाहीं. डोंगरावर असेल त्या प्रत्येक दिवशीं संध्याकाळीं फोन करावा, एवढी अट मात्र घातली, आणि आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलंत. त्याचा पाय तो कशांत अडकवतो, तें जरा नीट पाहून द्या."

आपल्या भाषेंत गांठीचे दोन प्रकार आहेत : निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ ओढावी तितकी आवळते. सुरगाठ कामापुरती घट्ट बसते आणि टोंक ओढतांच सुटते. गाडी जुंपतांना जाणता गडी बैलाच्या गळ्यांतील जोत्यास निरगाठ मारीत नाहीं. बैल चिखलांत बसला, तर एका हिसक्यासरशी त्यास मोकळें करतां आलें पाहिजे. घोडेस्वारासही हेंच शहाणपण लागतें. ज्या पाथरीकरितां सोळाव्या शतकांत अहमदनगर व वऱ्हाड येथील सुलतानांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या, त्या फौजांतील कोणाही स्वारास विचारलें असतें, तर घोड्यावरून पडण्यापेक्षां पडल्यावर रिकिबींत पाय अडकून राहणें अधिक भयंकर, असेंच त्यानें सांगितलें असतें.

स्कीच्या खेळाचा इतिहासही निरगाठीकडून सुरगाठीकडे झालेला प्रवास आहे. एकोणिसाव्या शतकांत नॉर्वेंतील मॉर्गेदाल येथील सोंद्रे नॉरहाइम यानें झाडाच्या पिळलेल्या मुळ्यांचा वेढा टांचेभोंवतीं घालून पाय फळीशीं जखडला, आणि त्यामुळें वळणें व उड्या साधूं लागल्या. पुढें मुळ्यांच्या जागीं कातडी पट्टे आले, तारा आल्या. पकड सुधारत गेली, परंतु सुटका मात्र कोणाच्या ध्यानीं आली नाहीं. खेळाडू पडला कीं लांब फळी तरफेसारखी फिरे आणि नडगीचें हाड पिळून मोडे. १९३७ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन संस्थानांत स्थायिक झालेल्या ह्याल्मार ह्वाम या नॉर्वेजियन खेळाडूचा पाय माउंट हूड पर्वतावर असाच मोडला. रुग्णालयांत भुलीच्या गुंगींतून बाहेर येतांच त्यानें कागद-पेन्सिल मागविली आणि आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगचा आराखडा काढला, असें सांगतात. युद्धानंतरच्या वर्षांत फ्रान्समधील ‘लूक’ आणि जर्मनींतील हान्स मार्कर यांच्या कारखान्यांनीं ही कल्पना पुढें नेली. आजचें बाइंडिंग म्हणजे पोलाद आणि स्प्रिंग यांनीं बनविलेली सुरगाठ होय.

तिची रचना समजावयास कठीण नाहीं. बुटाचा चवडा पुढच्या जबड्यांत बसतो आणि टांच मागच्या जबड्यांत. पाय प्रमाणाबाहेर पिळला जाऊं लागला, म्हणजे पुढचा जबडा बुटास बाजूनें सोडतो. खेळाडू पुढें तोंडावर जाऊं लागला, म्हणजे मागचा जबडा उघडून टांच वर निघते. प्रत्येक जबड्यांत स्प्रिंग असते आणि ती किती आवळावी हें स्क्रूनें ठरवितां येतें. स्प्रिंगचा ताण दाखविणाऱ्या आंकड्यास खेळाडू जर्मन प्रमाणसंस्थेच्या संक्षिप्त नांवावरून ‘डिन’ म्हणतात.

आतां हा आंकडा किती असावा, यावर आमच्या घरांत दोन पक्ष पडले. वहिनींचें मत असें कीं, स्प्रिंग शक्य तितकी सैल ठेवावी. थोडें कांहीं झालें कीं पाय मोकळा. उलट आमचे वडील बंधू अण्णा म्हणाले कीं, उडी मारणाऱ्या मुलाची फळी मध्येंच सुटली तर तो जमिनीवर कसा येईल? तेव्हां स्प्रिंग चांगली आवळून टाकावी. दोघांच्याही बोलण्यांत माया होती. आणि दोघांचेंही ऐकलें असतें, तर धोका टळला नसता. आवळलेलें बाइंडिंग पडल्यावर सोडीत नाहीं, आणि हाडांवर ताण येतो. सैल बाइंडिंग न पडतांच सुटतें. भर वेगांत, खडकांच्या फटींतून उतरतांना किंवा उडीनंतर जमिनीस टेंकतांना एक फळी नाहींशी झाली, तर होणारी इजा कमी नसते.

म्हणून हा आंकडा मायेनें ठरवावयाचा नसतो आणि हिंमतीनेंही नव्हे. त्यासाठीं आंतरराष्ट्रीय मान्यतेचें कोष्टक आहे. त्यांत पांच गोष्टी विचारल्या जातात : वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि खेळण्याचा वर्ग. वजन अधिक तर आंकडा अधिक. तळवा लांब तर तरफही लांब. म्हणून आंकडा कमी. वयाची पन्नाशी गांठली, कीं कोष्टक आंकडा एक पायरी खालीं उतरवितें. आमच्यासारख्यांच्या हाडांविषयीं त्यास भ्रम नाहीं! पहिल्या चार गोष्टी मोजपट्टी, काटा व जन्मतारीख सांगतात. पांचवी मात्र खेळाडूनें स्वतः सांगावयाची असते. सावकाश व जपून खेळणारा तो पहिल्या वर्गाचा. वेगानें, तीव्र उतारावर, धसमुसळेपणानें खेळणारा तिसऱ्या वर्गाचा. आणि या दोहोंच्या मधला तो दुसऱ्या वर्गाचा. दुकानदार हा वर्ग ठरवीत नाहीं. आपण जें लिहून द्याल, त्यावरच तो स्प्रिंग आवळतो.

सर्व प्रकरणाची मेख येथें आहे. आम्हीं मोबाइलवरून पुतण्यास एकेक प्रश्न विचारला. वजन ७० किलो, उंची १७२ सेंटिमीटर, तळवा ३०५ मिलिमीटर, हें त्यानें झटकन् सांगितलें. "आणि वर्ग?" असें विचारतांच क्षणभर शांतता.

"काका, आमच्यांतले सगळे तिसराच लिहितात."

"सगळ्यांचे पाय सगळ्यांपाशीं. तूं एका दिवसांत उतरतोस किती वेळां, आणि पडतोस किती वेळां, तें सांग."

त्यानें खरें खरें सांगितलें. उड्या तो शिकत होता. मोठ्या उतारावर वेग घेई, परंतु कठीण जागीं थांबून विचार करी. तो दुसऱ्या वर्गाचा खेळाडू होता. "मग दुसराच लिहितों," असें तो म्हणाला. तें म्हणतांना त्याच्या आवाजांत किंचित् ओशाळलेपणा होता, पण तो वाद घालीत बसला नाहीं. कोष्टकाप्रमाणें आंकडा ६.५ च्या आसपास आला. तिसरा वर्ग लिहिला असता, तर तो ८ च्या घरांत गेला असता. कागदावर हा फरक दीड. पण ज्या दिवशीं सुटका व्हावयास हवी, त्या दिवशीं त्याची किंमत गुडघा देतो कीं नडगी, हें कोणी सांगावें?

आंकडा ठरला म्हणजे निवड सोपी होते. पुतण्यास एकाच जोडीवर दोन प्रकारचे खेळ हवे होते. एक ‘फ्रीस्टाइल’, म्हणजे बांधलेल्या उंचवट्यांवरून उड्या, गिरक्या, लोखंडी कठड्यांवरून घसरणें आणि प्रसंगीं उलटें टेंकणें. या खेळाचे प्रकार १९९२ पासून ऑलिंपिकच्या पदकांत गणले जातात. दुसरा ‘ऑल-माउंटन’, म्हणजे तयार केलेली वाट असो कीं मऊ भुसभुशीत बर्फ, सर्व डोंगरभर हिंडणें. त्याच्या डोळ्यांसमोर मार्कर कंपनीचीं दोन बाइंडिंगें होतीं. ‘जेस्टर’ची मर्यादा ६ ते १६, ‘ग्रिफन’ची ४ ते १३. नामांकित उडीवाले जेस्टर वापरतात, त्यांत धातूही अधिक. म्हणून तरुण मन तिकडे ओढ घेई. परंतु ६.५ हा आंकडा जेस्टरच्या अगदीं तळाशीं येतो, आणि ग्रिफनच्या पट्ट्यांत आरामांत आंत बसतो. स्प्रिंग आपल्या मर्यादेच्या टोंकास न ठेवतां मधल्या भागांत ठेवावी, असा जाणकारांचा सल्ला आहे. पुढें वजन वा कौशल्य बदललें, तर दोन्हीं बाजूंस जागा राहते. मोठा आंकडा हा पुष्कळांस पराक्रमाचा बिल्ला वाटतो. वस्तुतः १६ पर्यंत जाणारें बाइंडिंग घेऊन तें ६.५ वर लावणें म्हणजे तांदूळ निवडावयास कापसाचा काटा आणण्यासारखें आहे.

उड्या मारणाऱ्यानें आंकड्याहूनही अधिक लक्ष दुसऱ्या एका गुणाकडे द्यावें. चांगल्या बाइंडिंगमध्यें बूट जागेवरून थोडा सरकतो, धक्का पचवितो आणि न सुटतां पुन्हां मध्यावर येतो. ही लवचीक हालचाल जितकी अधिक, तितकें क्षणिक हिसक्यांनीं बाइंडिंग सुटण्याचें भय कमी. जमिनीस टेंकतांना फळी सुटूं नये म्हणून पुष्कळ मुलें स्प्रिंग आवळीत जातात. त्यांनीं लवचीकतेकडे पाहिलें, तर आंकडा वाढविण्याची गरजच उरत नाहीं. लूक कंपनीच्या ‘पिव्हट’ची ख्याति या गुणावरच आहे. त्याचा टांचेकडील भाग नडगीच्या रेषेंत फिरत्या पाटावर बसविलेला असतो, आणि फळीवर तो जागाही थोडी व्यापतो. त्यामुळें फळी मोकळेपणानें वांकते. किंमत परवडत असेल आणि आंकडा त्याच्या पट्ट्यांत नीट बसत असेल, तर तें उत्तमच.

इतर गोष्टी लहान दिसतात, पण त्यांनींच घोटाळे होतात. बूट निघाल्यावर फळी उतारावर घरंगळत जाऊन दुसऱ्यास लागूं नये, म्हणून बाइंडिंगला दोन तारांचा ब्रेक असतो. तो फळीच्या कमरेहून अरुंद चालत नाहीं, आणि फार रुंद झाला तर वळतांना बर्फांत घासतो. पुतण्याची फळी कमरेशीं ९६ मिलिमीटर; तिला १०० चा ब्रेक योग्य. दुसरें म्हणजे बुटाचा तळवा. जुन्या पद्धतीचा सपाट कठीण तळवा आणि चालण्यास सोईचा, किंचित् गोलाईचा रबरी ‘ग्रिपवॉक’ तळवा, हे दोन भिन्न प्रकार आहेत. आपल्या बुटाचा तळवा बाइंडिंगला मान्य आहे कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीच पाहावें. तळवा झिजला किंवा त्यास चिखलमाती चिकटली, तरी सुटका बिघडते. म्हणून स्कीचे बूट घालून डांबरी रस्त्यावरून मिरवूं नये. तिसरी गोष्ट बाइंडिंगच्या जागेची. उलटसुलट खेळणारे तें फळीच्या मध्याकडे बसवितात. सर्व डोंगरभर हिंडणारे कारखान्यानें दाखविलेल्या, थोड्या मागच्या खुणेवर. ज्यास दोन्हीं हवें, त्यानें खुणेच्या फार तर एक-दोन सेंटिमीटर पुढें जावें. पण छिद्रें एकदां पाडलीं म्हणजे पाडलीं, हें विसरूं नये. चालत वर चढून उतरण्यासाठीं दुहेरी बाइंडिंगें निघालीं आहेत. सालोमोन कंपनीचें ‘शिफ्ट’ २०१८ सालीं आलें. परंतु जो पाळण्यांतून वर जातो आणि उड्यांत रमतो, त्यास त्या गुंतागुंतीचा भार कशाला?

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण वहिनींनीं तीच आम्हांस दोनदां विचारली : असें बाइंडिंग घेतल्यावर पाय सुरक्षित झाला काय? त्याचें उत्तर होकारार्थी देतां येत नाहीं. अमेरिकेच्या व्हरमाँट संस्थानांत १९७२ पासून जॉन्सन, एट्लिंगर व शिली या संशोधकांनीं स्की खेळतांना होणाऱ्या इजांची वर्षानुवर्षें नोंद ठेविली. बाइंडिंग सुधारल्यापासून नडगीचीं हाडें मोडण्याचें प्रमाण पुष्कळच घटलें. गुडघ्यांतील बंध तुटण्याच्या बाबतींत मात्र तसें यश आलें नाहीं. मागें कोसळतांना फळीची शेपटी बर्फांत रुतून गुडघा पिळला जातो, आणि तो पीळ नेहमींच्या बाइंडिंगला ओळखूं येत नाहीं. तेव्हां पडूं लागल्यावर उठण्याची धडपड न करणें, थकल्यावर शेवटची फेरी न घेणें, हीं कामें खेळाडूचींच. हें ऐकून वहिनी कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगितलंत, बरं केलंत."

पुतण्यानें ग्रिफन घेतलें. म्यूनिकच्या दुकानांत तें बसविल्यावर यंत्रावर तपासून घेतलें. कारण स्क्रूजवळचा आंकडा म्हणजे केवळ खूण, बूट प्रत्यक्ष किती जोरानें सुटतो हें यंत्रच सांगतें. तपासणीचा कागद त्यास मिळाला. त्यावर वजन, उंची, तळवा, दुसरा वर्ग, आंकडा आणि खालीं त्याची सही होती.

फेब्रुवारींत तो मित्रांबरोबर गुलमर्गास आला. गुलमर्गांत १९२७ पासून स्कीचा क्लब होता. १९९८ सालीं तेथें कोंगदोरीपर्यंत आणि २००५ सालीं अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत लोखंडी दोरावरचा पाळणा झाला. त्याच गुलमर्गचा आरिफ खान २०२२ सालीं पेकिंगच्या ऑलिंपिकमध्यें उतरला. अफरवटचा उतार आल्प्समधील चोपून तयार केलेल्या वाटांसारखा नाहीं. बर्फ खोल व मोकळें. हिमकडे कोसळण्याचें भय. त्यामुळें गस्तवाले उतार उघडा असल्याचें सांगतील तेव्हांच जावें. खोल बर्फांत ब्रेकचाही उपयोग थोडा. सुटलेली फळी खालीं बुडी मारते. तिसऱ्या दिवशीं पुतण्या असाच पुढें कोसळला. टांचेचा जबडा उघडला, फळी गेली. मित्रांनीं मिळून काठ्यांनीं बर्फ टोंचीत वीस मिनिटांनीं ती शोधून काढली. पाय शाबूत. संध्याकाळीं फोनवर तो हें सांगत असतां वहिनींनीं मध्येंच विचारलें, "म्हणजे तें सुटलं?" "हो आई, सुटलं." त्यानंतर त्या एवढेंच म्हणाल्या, "मग आतां रोज फोन नको करूस. डोंगरावरून उतरलास, कीं रविवारीं कर."

पुढें तो पाथरीस येऊन चार दिवस राहिला, शेतांत बसून त्यानें हुरडा खाल्ला, आणि गेला. त्याच्या तपासणीचा कागद मात्र वहिनींनीं त्याच्याकडून मागून घेतला. तो आमच्या घरीं पंचांगाच्या खिळ्यास अडकविलेला आहे. दर हंगामापूर्वी बाइंडिंग पुन्हां तपासावें लागतें आणि पांच किलोनें वजन वाढलें तरी आंकडा पाहावा लागतो, हें आम्हीं त्यांस एकदांच सांगितलें होतें. परवां पुतण्याच्या नव्या छायाचित्रांत त्याचे गाल जरा भरलेले दिसले, तेव्हां कागद बदलावा लागेल, हें त्यांनींच आम्हांस बजावलें.